पावडरीचा डबा आणि पहाटेचा तांब्या

सरावलीत हरिश्चंद्रकाकांकडे सकाळी आठच्या आत कुणी गेलं, की नर्मदाकाकू दारातूनच सांगायच्या, "वाडीत बघा." पाहुण्याने काही विचारायचीही त्या वाट बघत नसत. गेली चाळीस वर्षं काका उजाडायच्या आधी वाडीत जात आणि ऊन चटकायला लागलं की परत येत. वाडी चिकूची, कडेने नारळ आणि बांधावर खजुरीची सतरा झाडं. चिकू तोडायला माणसं होती, पण शेंड्याचा चिकू काका दुसऱ्या कुणाला तोडू देत नसत. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली त्यांची स्वतःची बेडणी होती. ती सरळ वर न्यायची, फळ जाळीत घ्यायचं, हलका हिसका द्यायचा आणि ओरखडासुद्धा न उठता खाली आणायचं. साठी उलटली तरी त्यांचा खांदा हलत नसे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

थंडी पडली की तलासरीकडच्या पाड्यावरून लाहू आणि त्याची बायको चिमी वाडीत मुक्कामाला येत. लाहू खजुरीची ताडी काढायचा. संध्याकाळी झाडाला छेद देऊन मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. त्याच्या बापानेही हीच झाडं छेदली होती. पहिल्या मडक्यातली तांब्याभर ताजी ताडी झाडाच्या मालकाची, हा रिवाज दोघांच्या बापांपासूनचा. लाहू खाली उतरला की काका वाडीतच ठेवलेला पितळेचा तांब्या पुढे करीत, दोघं बांधावर उकिडवे बसत, थंडीचे, चिकूचे, लाहूच्या पोरीच्या शाळेचे चार शब्द बोलत. तांब्या तिथेच रिकामा होई आणि काका बेडणी उचलत.

याला ते पिणं म्हणत नसत. दारूला काका जन्मात शिवले नव्हते. वरातीत कुणी बाटली काढली की ते चप्पल शोधायला लागत. पहाटेचा तांब्या हा झाडाचा हिस्सा होता. तो नाकारला असता तर लाहूला वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकलं.

२०१७च्या नोव्हेंबरात वाणगावला तपासणीचं शिबिर लागलं. काकांना तिथे नेलं त्यांच्या सुनेने. सोनल, मुलगा धनेशची बायको, वाणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरात कुणी शिंकलं तरी त्याचं कारण शोधायची. तिने आदल्या रात्री बजावलं होतं की जेवणानंतर काही खायचं नाही, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. काकांनी शब्द पाळला. नेहमीसारखे वाडीत जाऊन आले, पण काकूंनी पुढे केलेला चहा परत पाठवला. एवढ्या थंडीत चहा सोडल्याचं त्यांनी वाटेत तीनदा सांगितलं.

रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट, ट्रायग्लिसराइड चारशे दहा. आकडे काकांना कळले नाहीत, पण सोनलचा चेहरा कळला. त्यांचा धाकटा भाऊ नविन चार वर्षांपूर्वी चिकूचे क्रेट टेम्पोत चढवता चढवता छातीला हात लावून खाली बसला होता, तो उठला नाही. बावन्न वर्षांचा होता. घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही, पण त्या संध्याकाळी सगळे त्याच्याच फोटोखाली बसले होते.

डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, तेल-तूप कमी करायला सांगितलं, आणि दारू घेता का म्हणून विचारलं. काकांनी ताठ मानेने नाही म्हटलं. ते खोटं बोलत नव्हते.

काका भित्रे नव्हते, पण घाबरल्यावर माणूस अर्ध्यावर थांबत नाही. डॉक्टरांनी तेल-तूप म्हटलं होतं, काकांनी सगळंच सोडलं. तूप गेलं, नारळ गेला, अंडं गेलं, मासळी गेली, सुके बोंबील तर नजरेसमोरही नकोत. कुणीतरी वालाची डाळ जड असते म्हणालं, म्हणून वालही गेले. उरला भात, पातळ कढण आणि काकडी. काकू चिडून म्हणायच्या, आजारी माणसाला एवढं कमी जेवताना मी पाहिलं नाही, आणि तुम्ही तर म्हणे बरे आहात.

नाताळापर्यंत काकांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला. आणि एका सकाळी बेडणी वर नेताना हात थरथरला. जाळीतला चिकू निसटला आणि दगडावर फुटला. आजूबाजूच्या बायका फळं निवडत होत्या, त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. हेच काकांना जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाहिलं आणि वैतागल्या. चरबी कमी करायची होती, तुम्ही तर अंगातलं मांसच खाल्लंत, असं म्हणाल्या. डाळी, वाल, अंड्याचा पांढरा भाग, साधी ताजी मासळी सगळं पुन्हा सुरू करा. या वयात आणि एवढं वजन उतरल्यावर प्रोटीनची पावडर काही महिने घ्यायला हरकत नाही, पण कुठलीही आणू नका, आधी मला दाखवा. हे वाक्य धनेशने अर्धंच ऐकलं. तो चिकूचा टेम्पो घेऊन चारोटीवरून जायचा. तिथल्या एका दुकानातून त्याने त्याच दिवशी बादलीएवढा डबा आणला. डब्यावर एक उघडा माणूस दंड फुगवून उभा होता. काकूंनी तो डबा देव्हाऱ्याकडे पाठ करून ठेवला.

सोनलने डबा फिरवून मागचे बारीक अक्षरांतले आकडे वाचले आणि नवऱ्याकडे पाहिलं. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन पंधरा, बाकी बहुतेक साखर. हे वजन वाढवायचं आहे, ताकद नाही, ती म्हणाली. पुढचा आठवडा तिने याच कामात घातला. डहाणूच्या औषधांच्या दुकानांत उभं राहून तिने एकेका डब्याची पाठ वाचली. दुकानदार पुढची बाजू दाखवायचा, ही मागची बघायची. एका डब्यात प्रोटीन भरपूर, पण साखरही तेवढीच. दुसरा दुधापासून केलेला, तसा चांगला, पण त्यात थोडी चरबी, थोडं कोलेस्टेरॉल. शिवाय काकांना दूध सोसत नसे, पोट फुगायचं. ज्यात चरबी आणखी काढून टाकलेली असते तो प्रकार दुकानात नव्हता. शेवटी तिने सोयाबीनचा एक साधा डबा निवडला. साखर नाही, कोलेस्टेरॉल शून्य, चरबी नावाला, आणि घटकांची यादी दोन ओळींत संपणारी. लेबलाचा फोटो काढून तिने डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांनी काकांच्या किडनीचा रिपोर्ट बघितला आणि होकार दिला. रोज एक चमचा, पाण्यात, आणि जेवण चुकवायचं नाही.

डब्यात एक निळा प्लास्टिकचा चमचा होता. सोनलने पहिल्या दिवशी स्वतः पावडर कालवून पेला पुढे केला. काकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. ओल्या भिंतीवरून जीभ फिरवावी तशी चव होती. पण सून समोर उभी होती आणि तिने त्यासाठी आठवडाभर पायपीट केली होती. "चांगलं आहे," काका म्हणाले.

तीन दिवस त्यांनी ते नाक दाबून प्यायलं. चौथ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. पावडर कागदाच्या पुडीत बांधली, चमचा सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वाडीत गेले. लाहूने तांब्या भरला तसा काकांनी चमचाभर पावडर त्यात टाकली आणि चिंचेच्या काटकीने ढवळली. ताडीच्या गोडव्यात ओली भिंत कुठल्या कुठे गेली. लाहूने विचारलं, काय आहे. काका म्हणाले, औषध. लाहूने मान हलवली. औषध ताडीतून घेणं त्याला अगदी योग्य वाटलं.

सोनलला त्यांनी सांगितलं नाही. काही वाईट करतोय म्हणून नव्हे. पाण्यात घ्या असं तिने सांगितलं होतं, आणि चव आवडली नाही हे कळलं तर पोरीला वाईट वाटेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिला त्यांनी सांगून टाकलं की सकाळचं मी वाडीतच घेतो, तू शाळेचं बघ. हळूहळू अंगात जीव आला. जेवण सुधारलं होतं, वाल परत ताटात आले होते, खांदा पुन्हा स्थिर झाला. शेंड्याचे चिकू पुन्हा काकांच्याच जाळीत उतरू लागले. तब्येत सुधारली म्हणून तांब्याही आता काठोकाठ भरला जाई. चमचाभर पावडर मावायला जागा हवी म्हणून कधी कधी दुसराही भरला जाई.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा रक्त दिलं. उपाशी जायचं म्हणून काकांनी त्या दिवशी पावडर घेतली नाही, चहा घेतला नाही. ट्रायग्लिसराइड आलं पाचशे चाळीस.

डॉक्टरीणबाई यावेळी वैतागल्या नाहीत, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून त्यांनी पुन्हा वाचले. त्यांनी सांगितलं, गोळी चालू असताना हे वाढायला नको होतं. घरात हृदयविकाराचा इतिहास आहे. वापीला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, मी चिठ्ठी देते. आणि कारण सापडेपर्यंत ती पावडर बंद ठेवा.

ते शेवटचं वाक्य घरी पोचलं आणि त्याचा अर्थ घरी वेगळाच झाला. काकूंचं माहेर उंबरगावचं. राग आला की त्या गुजरातीत जात, आणि त्या दिवशी त्या दिवसभर गुजरातीतच होत्या. संध्याकाळी सोनल शाळेतून आली तेव्हा मात्र त्या मराठीत बोलल्या.

"घरचं अन्न काय कमी पडलं होतं, म्हणून तो डबा आणलास?"

सोनलने डबा उचलला, माळ्यावर मागे ढकलला आणि पोळ्या लाटायला बसली. काका ओटीवर बसले होते, तिथून त्यांना तिची पाठ दिसत होती. पोळी लाटता लाटता ती मधूनच थांबत होती. तिचं काही चुकलेलं नाही हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण कशाच्या आधारावर सांगायचं ते सुचेना. त्यांनाही मनातून डब्याचाच संशय होता.

त्या दिवसांत काकांना मरणाची भीती वाटली. दुसरा शब्दच नाही. ते मधूनच सदऱ्यात हात घालून छाती चाचपत. नविन ज्या जागी बसला होता तिथून जायचं टाळून ते विहिरीकडून वळसा घालून वाडीत जात. एक दिवस त्यांनी धनेशला बोलावलं आणि बेडणी त्याच्या हातात दिली. आता ही तूच वापर, म्हणाले. धनेशने ती घेतली, पण कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी त्याने ती ओटीच्या कोपऱ्यात उभी केली आणि सगळे येता-जाता तिला बघत राहिले.

वापीला जायच्या दिवशी काका अंथरुणातून उठलेच नाहीत. अंगाला काही झालं नव्हतं, मनच उठत नव्हतं. चाळीस वर्षांत ताडीच्या हंगामात ते पहिल्यांदाच पहाटे वाडीत गेले नाहीत. उजाडलं, धनेश गाडी बघायला गेला, सोनलने रिपोर्टांची पिशवी भरली, आणि मागच्या दाराशी चिमी येऊन उभी राहिली. तिच्या एका हातात पितळेचा तांब्या होता, फेस काठाला लागलेला. दुसऱ्या हातात निळा प्लास्टिकचा चमचा.

"शेठ आज आला नाय," ती काकूंना म्हणाली, "म्हनून त्याचा हिस्सा घरीच आनला. आन औषधाचा चमचा खजुरीखाली पडलेला."

काकूंनी चमच्याकडे पाहिलं. कसला चमचा, असं त्यांनी विचारलं. सोनल पिशवी तशीच ठेवून पुढे आली. तो चमचा ती ओळखत होती. काका आतून सगळं ऐकत होते. पांघरूण डोक्यावर ओढून गप्प राहता आलं असतं, आणि क्षणभर त्यांनी तसा विचार केलाही. मग त्यांना पोळ्या लाटताना मधूनच थांबणारी ती पाठ आठवली. ते उठून दारात आले.

"माझा आहे," काका म्हणाले. "पावडर मी ताडीत घेत होतो. पाण्यात जात नव्हती."

सोनलने आधी चमचा घेतला, मग तांब्या. तांब्याचा वास घेतला आणि काकांकडे बघत राहिली.

"बाबा, रक्त दिलं त्या दिवशी?"

"त्या दिवशी पावडर नाही घेतली. उपाशी जायचं होतं ना. नुसता हिस्सा घेतला."

"आणि शिबिराच्या दिवशी?"

"हिस्सा तर रोजचाच," काका म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचित रुसवा होता, जणू सूर्य उगवतो का असं कुणी विचारत होतं.

सोनल पायरीवर बसली. ती हसतेय की रडतेय हे काकूंना समजेना, म्हणून त्या नुसत्याच तिच्याजवळ उभ्या राहिल्या. चिमीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं आणलं. तिने तांब्या परत मागितला, तर सोनलने तो घट्ट धरून ठेवला होता.

वापीच्या वाटेवर गाडी आधी डहाणूला दवाखान्यापाशी थांबली; काकूही सोबत निघाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मी दारूचं विचारलं होतं, त्या म्हणाल्या. मी दारू घेत नाहीच, काका म्हणाले. यावर त्यांनी हात टेकले. मग नीट समजावलं. ताजी असली तरी ताडीत साखर असते, आणि रात्रभर मडक्यात राहिली की अल्कोहोलही. रोज तांब्याभर घेतली की ट्रायग्लिसराइड चढणारच, आणि ती घेऊन लगेच रक्त दिलं तर आकडा आणखी बिघडणार. ते एवढं वर गेलं की कोलेस्टेरॉलचा बाकीचा अंदाजही नीट लागत नाही. सुनेने निवडलेला डबा चांगलाच होता. हे वाक्य त्यांनी मुद्दाम काकूंकडे बघून म्हटलं. भावाचं लक्षात घेता वापीची तपासणी मात्र करायचीच. गोळी चालू ठेवायची, ताडी बंद, पावडर पाण्यात, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

वापीला काकांना एका फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पायात धनेशचे बूट होते, एक नंबर मोठे. पट्टा वेग घेत गेला, चढ वाढत गेला, छातीला तारा चिकटवलेल्या, आणि काका वाडीच्या बांधावरून चालावं तसे चालत राहिले. तिथल्या डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी बघितली आणि सांगितलं, काळजीसारखं काही दिसत नाही. काकांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाहेर आल्यावर ते बाकावर बसले आणि आधी ते मोठे बूट काढून टाकले.

तीन आठवडे काकांनी ओली भिंत पाण्यातून गिळली; काकूंच्या नजरेसमोर नको म्हणून सोनल पावडर मोजून डबा पुन्हा माळ्यावरच ठेवी. पहाटे वाडीत जात, पण तांब्या घरी ठेवून. लाहू मडकं उतरवून वाट बघायचा आणि मग उगाचच दोर आवरत बसायचा. काकांनी त्याला सगळं सांगितलं होतं, त्याला पटलंही होतं, तरी मालकाचा हिस्सा काढल्याशिवाय बाकीची ताडी विकायला न्यायची म्हणजे त्याला कसंतरीच व्हायचं.

मार्चअखेर रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड एकशे पंच्याहत्तर, एकूण कोलेस्टेरॉल एकशे ब्याण्णव. सोनलने ओटीवर उभं राहून आकडे मोठ्याने वाचले, आणि मग पुन्हा एकदा वाचले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकू तिच्याजवळ गेल्या. मी त्या दिवशी बोलले ते, एवढंच म्हणाल्या आणि पुढचं त्यांना कुठल्याच भाषेत जमेना. मग त्या स्टुलावर चढल्या, माळ्यावरचा काकांचा डबा स्वतः खाली काढला, पदराने पुसला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला, तोंड पुढे करून. या डब्यावर उघडा माणूस नव्हता, त्यामुळे अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका तांब्या घेऊन वाडीत गेले. हंगामाचे शेवटचे दिवस होते, लाहू-चिमी आठवड्याभरात पाड्यावर परतणार होते. लाहूने तांब्या बघितला आणि थबकला. काकांनी तो पुढे केला. हिस्सा माझा आहे, तो मी घेणार, पिणार मात्र घरी दुसरं कुणीतरी, असं त्यांनी सांगितलं. लाहूने काठोकाठ भरला. एक थेंब न सांडता काका तो घरी घेऊन आले आणि त्यांनी तो काकूंपुढे ठेवला. काकूंनी संशयाने एक घोट घेतला, मग दुसरा.

"चाळीस वर्षं हे एकट्यानेच पीत होतात?" त्या म्हणाल्या.

सोनल शाळेला निघाली होती. काकांनी तिला थांबवलं, फळीवरचा डबा काढला, निळ्या चमच्याने पावडर मोजली आणि पेल्यातल्या पाण्यात तिच्यासमोर कालवली. एका दमात प्यायले. तोंड वेडंवाकडं झालं, ते त्यांनी यावेळी लपवलं नाही.

"घाण लागतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

सोनल हसली, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि उद्यापासून लिंबू पिळून बघू म्हणाली. काकांनी पेला धुऊन उपडा ठेवला. मग ओटीच्या कोपऱ्यात गेले आणि बेडणी उचलली. धनेश तिथेच दात घासत होता, त्याने बापाकडे बघितलं.

"ही मी परत घेतोय," काका त्याला म्हणाले, आणि विहिरीकडून वळसा न घालता सरळ वाडीत गेले.